जुनी सीएल कूपे: आधी मागचा उजवा कोपरा बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २००१ सालची मर्सिडीज सीएल ५००, एक लाख चाळीस हजार किलोमीटर धावलेली, नव्या छोट्या गाडीच्या निम्म्या किमतीत मिळते आहे. रंग चकचकीत, आतलं चामडं शाबूत. मालक म्हणतो, ‘दोन महिने उभी होती म्हणून मागचा उजवा कोपरा थोडा बसलाय, चालू केली की आपोआप वर येतो.’ शिवाय डॅशबोर्डवर मधूनमधून एबीसीचा, म्हणजे सस्पेन्शनचा, पांढऱ्या अक्षरांतला संदेश येतो. घ्यावी का, आणि घेतली तर दुरुस्तीला किती लागतील?

या पिढीच्या सीएलखाली आडवं पडून माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ असं लोक या गाड्यांबद्दल म्हणतात. मला ते पटत नाही. ही कोंबडी मुळातच बारा आण्यांची आहे. वीस-पंचवीस वर्षांनी गाडीवरची चिठ्ठी तेवढी बदलली, तिला लागणाऱ्या सुट्या भागांवरची नाही. पंप बनवणाऱ्याला तुम्ही गाडी कितीला घेतली याच्याशी देणंघेणं नसतं. म्हणून ‘गाडीच्या किमतीच्या मानाने खर्च किती’ हा हिशेब सोडून द्या.

मग मोजायचं कशात? रुपये, डॉलर, युरो काहीही सांगितलं तरी कारागिराची मजुरी जागोजागी वेगळी असते. मी गिऱ्हाइकांना टायरच्या हिशेबात सांगतो. या गाडीला बसणारे चांगल्या कंपनीचे चार टायर म्हणजे एक संच. त्याचा भाव तुम्हाला दुकानात विचारून लगेच कळेल. खाली ‘एक संच’, ‘दोन संच’ असं जे येईल ते सगळं या मापात, आणि अर्थातच ढोबळ.

आता कोपऱ्याकडे वळू, कारण या गाडीचं सगळं भविष्य तिथे लिहिलेलं आहे.

ही सी२१५ पिढी १९९९ साली आली आणि २००६ पर्यंत चालली. एबीसी, म्हणजे ॲक्टिव्ह बॉडी कंट्रोल, हे सस्पेन्शन सगळ्यात आधी याच गाडीत आलं. बरेच मेकॅनिक तिला ‘एअर सस्पेन्शनवाली’ म्हणतात आणि चुकीच्या दुरुस्तीची सुरुवात तिथूनच होते. त्याच काळातल्या बहुतेक एस-क्लासमध्ये हवेचं सस्पेन्शन होतं, सीएलमध्ये तेलाचं आहे. प्रत्येक चाकाला पोलादी स्प्रिंग आहे आणि तिच्या जोडीला एक हायड्रॉलिक सिलिंडर. इंजिनवरचा पंप सुमारे दोनशे बारच्या दाबाने तेल ढकलतो. ते दोन व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जातं, एक पुढच्या दोन कोपऱ्यांसाठी, दुसरा मागच्या दोन कोपऱ्यांसाठी. वळणावर गाडी झुकायला लागली की बाहेरच्या बाजूच्या सिलिंडरात तेल भरून संगणक तिला सरळ धरतो. म्हणूनच या गाडीला अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर कलणं रोखणारा दांडा, दिलेलाच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गाडी बंद केली की व्हॉल्व्ह ब्लॉकमधल्या झडपांनी तेल सिलिंडरातच कोंडून ठेवायचं असतं. झडपांवर बारीक ओ-रिंग असतात. त्या झिजल्या, कडक झाल्या की तेल गुपचूप टाकीत परत येतं आणि तो कोपरा बसतो. जमिनीवर थेंबही पडत नाही, म्हणून मालकाला वाटतं गळती नाही. गळती असते, फक्त आतल्या आत.

मग तुमच्या मालकाचं म्हणणं खरं का? अर्धं. दोन महिने उभी राहिलेली एबीसी गाडी थोडी बसणं हा दोष नाही, तेल थंड झालं की आकुंचन पावतं आणि उंचीत थोडा फरक पडतोच. पण तसं असतं तर चारही कोपरे साधारण सारखे खाली यायला हवेत. एकच कोपरा बसला याचा अर्थ मागच्या व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये उजव्या बाजूची झडप तेल धरत नाही, किंवा त्या स्ट्रटचं, म्हणजे स्प्रिंग आणि सिलिंडर मिळून झालेल्या खांबाचं, सील तेल सोडतं आहे. स्ट्रटच्या खालच्या भागात हात फिरवा. हात ओला झाला तर स्ट्रट, कोरडा राहिला तर ब्लॉक. ब्लॉक काढून, धुऊन, नव्या ओ-रिंग घालून बसवला तर काम अर्ध्या-पाऊण संचात भागतं. नवा ब्लॉक म्हणजे दोनेक संच. स्ट्रट रीबिल्ड करून मिळतो तेव्हा प्रत्येकी एक संच धरा, नवा कोरा घेतलात तर दीड ते दोन. आणि एका बाजूचा गेला असेल तर दुसऱ्या बाजूचाही तेवढाच जुना असतो, हे सांगायला नकोच.

एकटा कोपरा हा काही मोठा रोग नाही. मला काळजी वेगळ्या गोष्टीची वाटते. पंपाचे धक्के शोषायला आणि दाब साठवायला नायट्रोजन भरलेले गोळे असतात, ॲक्युम्युलेटर. आत रबरी पडदा असतो. वर्षानुवर्षं चालून नायट्रोजन निसटतो, पडदा फाटतो. मग दोन गोष्टी होतात. पंपाचा प्रत्येक ठोका थेट पाइपांवर बसायला लागतो आणि एक दिवस जास्त दाबाचा होज फुटतो. आणि फाटलेल्या पडद्याचे रबरी कण तेलातून फिरत झडपांत जाऊन अडकतात. हे गोळे मुळात फार महाग नाहीत, एकेक पाव ते अर्ध्या संचाचा. पण ‘अजून चालतंय ना’ म्हणून लोक बदलत नाहीत.

एकदा एक गिऱ्हाईक क्रेनवरून गाडी घेऊन आला. पुढच्या बाजूचा एक होज महिनाभर पाझरत होता, तेल वरून टाकून टाकून तो चालवत राहिला. मग लाल अक्षरांत इशारा आला तेव्हा घर दहा-बारा किलोमीटरवर होतं, म्हणून त्याने गाडी तशीच दामटली. पंप कोरडा फिरला. तेलच त्याचं वंगण असतं, त्यामुळे आतला धातू घासला, तो चुरा दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये पोहोचला. होज वेळेत बदलला असता तर पाव-अर्धा संच गेला असता. मी शेवटचं बिल केलं तेव्हा सात संचांच्या वर होतं, आणि दोन स्ट्रट अजून शंकास्पदच होते.

म्हणून संदेशाचा रंग बघायचा. पांढरा म्हणजे ‘काहीतरी नोंदवलंय, गॅरेजला दाखवा’. लाल म्हणजे बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. त्या क्षणी क्रेनचे पैसे वाचवण्यासारखं नुकसान दुसरं नाही.

तेल कोणतं आहे तेही तपासा. एबीसीच्या टाकीत हिरवं हायड्रॉलिक तेल लागतं, सीएचएफ ११एस. टाकीच्या झाकणाला डिपस्टिक असते. गाडी नेहमीच्या उंचीवर, इंजिन चालू आणि गरम असताना पातळी बघायची. तेल हिरवं आणि पारदर्शक असेल तर मागच्या मालकाने काळजी घेतली आहे. काळपट-तपकिरी असेल तर वर्षानुवर्षं बदललेलं नाही. आणि लालसर दिसलं तर कोणीतरी पॉवर स्टिअरिंगचं किंवा गिअरबॉक्सचं तेल ओतलं आहे. तशी गाडी मी गिऱ्हाइकाला घेऊ देत नाही, मग ती कितीही स्वस्त असो. तेल आणि फिल्टर बदलणं हे अर्ध्या संचातलं काम आहे. त्यानंतर निदान यंत्र लावून गाडीला वरखाली नाचवत सगळी व्यवस्था धुऊन काढतात. त्याला ‘रोडिओ’ म्हणतात आणि बघायला खरंच गंमत वाटते. पण खाली कोणी नाही ना, हे आधी बघा. एबीसीचा पाइप सैल केला की गाडी क्षणात खाली बसते, त्यामुळे घोड्यांवर, म्हणजे लोखंडी आधारांवर, टेकवल्याशिवाय तिच्याखाली हातसुद्धा घालू नये.

कोणीतरी तुम्हाला सुचवेलच की ‘ही कटकट काढून साध्या स्प्रिंग टाका’. तसे संच मिळतात. खर्च तीन-चार संच येतो आणि कायमची डोकेदुखी गेली असं वाटतं. पण मघाशी सांगितलं ते आठवा: या गाडीला अँटी-रोल बार नाही. एबीसी काढलं की वळणावर तिला सरळ धरणारं काही उरतच नाही. दोन टनांच्या आसपासची गाडी होडीसारखी कलंडते. एबीसी नको असेल तर सीएलच नको, दुसऱ्या कितीतरी चांगल्या कूपे आहेत.

इंजिनाबद्दल मात्र निश्चिंत राहा. सीएल ५०० मधलं एम११३, पाच लिटरचं व्ही८, ३०६ अश्वशक्तीचं, मर्सिडीजने केलेल्या सगळ्यात समंजस इंजिनांपैकी एक आहे. टायमिंगला साखळी, आणि ती सहसा त्रास देत नाही. किरकोळ तक्रारी ठरलेल्या आहेत. व्हॉल्व्ह कव्हरांवरच्या ब्रीदरच्या झाकणांतून तेल पाझरतं, गरम एक्झॉस्टवर पडतं आणि सिग्नलला थांबलं की जळका वास येतो. उपाय स्वस्त आहे, सीलंट आणि दोन तासांची मजुरी. क्रँक सेन्सर गरम झाल्यावर दगा देतो: गाडी चालता चालता बंद पडते आणि अर्ध्या तासाने, जणू काही घडलंच नाही अशी, चालू होते. छोटा भाग आहे, डिकीत एक जास्तीचा ठेवायला हरकत नाही. क्रँकच्या पुलीत रबराचा थर असतो. तो सुटायला लागला की पुली डगमगते आणि टायमिंग कव्हरला घासते. बॉनेट उघडून इंजिन चालू असताना ती सरळ फिरते का, एवढं बघितलं तरी पुरे. आणि प्लग बदलताना दचकू नका: आठ सिलिंडरांना सोळा प्लग लागतात, प्रत्येकी दोन. इंजिन ऑइलही आठेक लिटर जातं.

याच पिढीतली व्ही१२ वाली सीएल ६०० कोणी तितक्याच किमतीला दाखवली, तर माझा सल्ला नाही असा आहे. तिथे चोवीस प्लग. प्रत्येक बाजूच्या सहा सिलिंडरांसाठी सगळ्या कॉइल एकाच लांब पट्टीत बंद केलेल्या. त्यातली एक कॉइल गेली की अख्खी पट्टी बदलायची, आणि एक बदलली की दुसरी फार मागे राहत नाही. दोन पट्ट्या आणि प्लग धरले तर तीन ते चार संच फक्त मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर नीट न पेटणं, घालवायला. नंतरच्या टर्बोवाल्या व्ही१२ मध्ये त्याच्या जोडीला बॉनेटखालची उष्णता, तिने कडक झालेले रबरी पाइप आणि इंटरकूलरचा पाण्याचा पंप. चालवायला ती स्वर्ग आहे हे मान्य. पण स्वर्गात राहायला दुसरं उत्पन्न लागतं.

गिअरबॉक्स पाच गतींचा, ७२२.६. दणकट. त्याची एक गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते. वायरिंगचा जोड गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथे एक प्लास्टिकची बुशिंग असते, वर दोन ओ-रिंग. चहाच्या किमतीची म्हणतात तशी वस्तू. ती गळायला लागली की तेल तारांच्या आतून, दिव्याच्या वातीत चढतं तसं, हळूहळू गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटपर्यंत चढतं आणि ते युनिट मारतं. युनिट चहाच्या किमतीचं नसतं. याशिवाय आतल्या कंडक्टर प्लेटवरचे स्पीड सेन्सर जातात. मग गाडी दुसऱ्या गिअरला अडकून बसते. बंद करून पुन्हा चालू केली की काही काळ बरी. प्लेट, फिल्टर, तेल आणि ती बुशिंग एकदमच करायचं, अर्धा-पाऊण संच. ‘हे तेल आयुष्यभर बदलायचं नसतं’ असं मालक म्हणाला तर विचारा, कोणाच्या आयुष्यभर? साठ हजार किलोमीटरला बदललेल्या गाड्या अजून धावताहेत.

पुढच्या चाकांचे बॉल जॉइंट, कंट्रोल आर्म, इंजिन माउंटिंग या वजनाच्या गाडीत झिजणारच. सगळं केलं तर संच-दीड संच. यात काही विशेष नाही.

बॉडीची गंमत वेगळीच आहे. जुनी गाडी बघताना आपण खिशातून चुंबक काढतो आणि पुट्टी कुठे भरली आहे ते शोधतो. इथे चुंबक तुम्हाला वेडं करेल. बॉनेट, छत आणि मागचे पंखे, म्हणजे मागच्या चाकांवरचे पत्रे, ॲल्युमिनियमचे आहेत, पुढचे फेंडर आणि डिकीचं झाकण प्लास्टिकचं. बहुतेक ठिकाणी चुंबक चिकटणारच नाही आणि तुम्हाला वाटेल सगळी गाडी पुट्टीचीच आहे. ॲल्युमिनियमवर चालणारं रंगाची जाडी मोजायचं यंत्र लागतं. फायदा असा की गंज कमी. तोटा असा की मागचा पंखा ठोकून सरळ करणारा प्रत्येक डेंटर ॲल्युमिनियम हाताळू शकतो असं नाही, आणि काचा व हेडलाइटसारखे फक्त याच गाडीला बसणारे भाग शोधणं हीच एक मोहीम होते. एक झेनॉन हेडलाइट नवा घ्यायचा तर दीड-दोन संच सहज.

दारं ओढून घेणारी व्यवस्था आणि सेंट्रल लॉक हवेच्या दाबावर चालतात, मागच्या भागात त्याचा छोटा पंप असतो. दाराच्या सांध्यात बारीक हवेचा पाइप तुटला की पंप दम लागेपर्यंत फिरत राहतो आणि शेवटी जळतो. म्हणून गाडी लॉक केल्यावर कान द्या. काही सेकंदांत आवाज थांबला पाहिजे. मधला खांब नसल्यामुळे चारही काचा खाली जाऊन बाजू संपूर्ण मोकळी होते, याच दृश्यासाठी लोक ही गाडी घेतात. तर चारही काचा दोन-तीनदा खालीवर करा. एखादी रेंगाळली, वाकडी चढली तर काच उचलणारा रेग्युलेटर गेला. बॅटरी काढली असेल तर काच स्वतःची जागा विसरते, बटण काही सेकंद वर धरून ठेवलं की आठवते. त्याला बिघाड समजून पैसे देऊ नका.

आणि २००१ च्या गाडीत ऑडिओ, फोन, नेव्हिगेशन हे सगळे डबे प्रकाशाच्या तारेने एका वर्तुळात जोडलेले आहेत. एक डबा मेला की सगळं वर्तुळ मुकं होतं. ‘म्युझिक सिस्टिम गेलीय, नवी टाका’ असं ऐकलं तर आधी एकेक डबा वगळून बघायला सांगा. बऱ्याचदा दोषी असतो तो डिकीतल्या ओलीने खराब झालेला, तुम्ही कधी वापरणारही नाही असा डबा.

तुम्ही नंतरच्या पिढीचंही विचारलं आहे, २००६ नंतरची सी२१६. दिसायला भारदस्त, एबीसी तिथेही आहेच. पण सुरुवातीच्या काही गाड्यांतल्या ५.५ लिटर एम२७३ इंजिनात टायमिंग साखळीच्या आयडलर गिअरचे दात झिजतात, आणि तो बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं. त्या वर्षांतली गाडी घ्यायची तर काम झाल्याचं बिल किंवा इंजिन नंबर तपासल्याशिवाय नको. इनटेक मॅनिफोल्डमधल्या प्लास्टिकच्या दांड्या तुटणं आणि सात गतींच्या गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट जाणं हे वेगळं. ते युनिट गाडीशी कोड केलेलं असतं, भंगारातून आणून लावता येत नाही. दोन पिढ्यांतली निवड माझ्यावर सोडली तर मी एम११३ वाली जुनीच घेईन.

आता तुमची गाडी. बिलं मागा. मागच्या पाच वर्षांत एबीसीचं तेल, एखादा तरी ॲक्युम्युलेटर, गिअरबॉक्सचं तेल यांची बिलं असतील, तर बसलेला कोपरा हा दीड संचातला मामला आहे आणि तेवढे कमी करून गाडी घ्यायला माझी हरकत नाही. बिलंच नसतील तर सस्पेन्शनसाठी चार संच, बाकी किरकोळीसाठी दोन, असे सहा बाजूला ठेवूनच बोला. ते ठेवणं झेपत नसेल तर नाकापेक्षा मोती जड होईल.

मर्सिडीजचं निदान यंत्र असलेल्या माणसाला सोबत न्या, साध्या स्कॅनरला एबीसीचं युनिट दिसतही नाही. निदान तासभर चालवा. गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण वळवून बघा: घुरघुर किंवा हाताला थरथर जाणवली तर ॲक्युम्युलेटर संपलेला आहे, कदाचित पंपही. मग मोजपट्टी घ्या. चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर संध्याकाळी मोजा, गाडी तिथेच सोडा, सकाळी पुन्हा मोजा. मागचा उजवा कोपरा एका रात्रीत बोटभर खाली आला तर झडप गेलेली आहे. महिनोन्‌महिन्यांत तेवढा आला असेल तर घाई नाही.

आणि सकाळी गेल्यावर सगळ्यात आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर मोजपट्टी खिशातच राहू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.